नोंदणीबरोबर नियमही घरात पोहोचू द्या : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

दिनांक : २० सप्टेंबर २०२४

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : घरगुती व लघु खाद्यव्यवसायांची नोंदणी आणि त्यांना द्यावयाचे मार्गदर्शन

महोदय,

पितृपक्ष सुरू आहे. आमच्या व्यवसायात हे पंधरा दिवस सामसुमीचे असतात. घटस्थापना झाली की भाजणीची मागणी सुरू होते, दसऱ्यानंतर चकली, चिवडा, शेव, करंज्या, अनारसे यांच्या ऑर्डरी येऊ लागतात आणि तिथून भाऊबीजेपर्यंत मान वर करायला सवड मिळत नाही. त्या धांदलीत पत्र लिहिणे होणार नाही आणि लिहिले तरी त्याचा उपयोग या हंगामापुरता संपलेला असेल, म्हणून आताच लिहीत आहे. मी एका तालुक्याच्या गावी महिला बचत गटामार्फत मसाले, भाजणी आणि फराळाचे पदार्थ तयार करून विकते. शिवाय आसपासच्या गावांत नव्याने असा व्यवसाय सुरू करणाऱ्या महिलांना नोंदणीचे अर्ज भरण्यासाठी मदत करते. पुढे जे लिहिले आहे ते या दोन्ही कामांतून जवळून पाहिलेले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. आम्हाला स्वच्छतेत सूट नको आणि तपासणीतून सुटकाही नको. आपण बनवलेला पदार्थ कोणाच्या तरी लहान मुलाच्या तोंडात जातो, याची जाणीव प्रत्येक बाईला असते. आमचे मागणे एवढेच आहे की, शंभर रुपयांची जी नोंदणी कायद्याने आमच्यासाठी ठेवली आहे ती करतानाच कायद्यातले स्वच्छतेचे नियमही त्या बाईच्या हाती पडावेत, तिच्या भाषेत तिला समजावून दिले जावेत आणि प्रशासनाशी तिची पहिली भेट दिवाळीच्या तोंडावरच्या तपासणीत होऊ नये.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ साली संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्याचे नाव काढले की आमच्याकडे प्रथम दंडाचे आकडे बोलले जातात, पण कायदा नीट वाचला तर त्याने लहान व्यावसायिकाचा वेगळा विचार केलेला दिसतो. कलम ३१ च्या पोटकलम २ ने लहान उत्पादक, किरकोळ विक्रेता, फेरीवाला, तात्पुरता स्टॉल लावणारा, कुटीर उद्योग चालवणारा अशा सर्वांना परवान्यातून वगळून फक्त नोंदणी करण्यास सांगितले आहे. २०२४ मधल्या नियमांप्रमाणे वार्षिक उलाढाल बारा लाख रुपयांपर्यंत असेल, तर ही नोंदणी वर्षाला १०० रुपये शुल्कात होते आणि ती एकदम पाच वर्षांपर्यंत घेता येते. अर्ज आल्यापासून सात दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याने ती द्यावी, कारणे लिहून नाकारावी किंवा पाहणीची नोटीस द्यावी. पाहणी ठरली तर तीस दिवसांत निर्णय कळवावा. आणि या मुदतीत काहीच झाले नाही तर अर्जदाराला व्यवसाय सुरू करता येतो, फक्त अधिकाऱ्यांनी नंतर सुचवलेल्या सुधारणा त्याने केल्या पाहिजेत, असे २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांत म्हटले आहे. मागणीप्रमाणे दर्जा नसलेला पदार्थ विकल्याबद्दल कलम ५० मध्ये पाच लाखांपर्यंत दंड आहे, पण त्याच कलमाच्या परंतुकाने, म्हणजे अपवादाच्या तरतुदीने, नोंदणीच्या गटातील लहान व्यावसायिकाला तो २५ हजारांच्या वर जाऊ शकत नाही असे बंधन घातले आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर पापड लाटणारी बाई होती, असे मला मनापासून वाटते. तिच्यापर्यंत यातले जवळपास काहीच पोहोचत नाही, ही अडचण आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगते. एखादी महिला शेंगदाण्याची चटणी किंवा मेतकूट विकू लागते. ओळखीतल्या घरांपुरते होते तोवर कोणी काही विचारत नाही. मग एखादा किराणा दुकानदार माल ठेवायला तयार होतो आणि म्हणतो, "पाकिटावर नंबर पाहिजे." ती गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात जाते किंवा मोबाइलवर शोधते. शोधल्यावर सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे समोर येतात. शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी ती हजार, दीड हजार, कधी त्याहूनही अधिक पैसे मोजते. पैसे जास्त गेले याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे नुकसान त्या अर्जात लपलेले असते. फॉसकॉस या नोंदणीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल अर्ज भरून देणाऱ्या एजंटने स्वतःचा दिलेला असतो. त्यामुळे पुढे मुदत संपत आल्याचा निरोप एजंटला जातो, तो दुकान बंद करून निघून गेलेला असतो आणि बाईच्या हाती लॅमिनेशन केलेले, मुदत उलटलेले प्रमाणपत्र राहते. लॉगिन तिच्याकडे नसते. ते परत मिळवण्यापेक्षा नवी नोंदणी करणे सोपे जाते आणि नवी नोंदणी म्हणजे नवा क्रमांक, म्हणजे छापून आणलेली सगळी पाकिटे वाया.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. व्यवसायाचा प्रकार निवडताना एजंट सोयीचा पर्याय टाकतो. मसाला घरी भाजून, कांडून, पॅक करून विकणाऱ्या बाईच्या प्रमाणपत्रावर 'किरकोळ विक्रेता' असे आलेले मी पाहिले आहे. ती उत्पादक आहे हे त्या कागदावर कुठेच नाही. तिला ते कळण्याचा मार्गही नाही, कारण अर्जातील पदार्थांची वर्गवारी इंग्रजीत आणि कारखानदारीच्या शब्दांत आहे. सांडगे, कुरडया, मेतकूट, चकलीची भाजणी, कोकमचे आगळ हे पदार्थ त्या यादीत नेमके कुठे बसवायचे, हे मला स्वतःला आजही प्रत्येक वेळी थांबून विचार करून ठरवावे लागते. हिरव्या पालेभाज्यांपासून मासळीपर्यंत सगळ्या देशाची यादी एकाच साच्यात घालायची म्हटल्यावर असे होणार हे समजते. पण महाराष्ट्रात घरोघरी होणाऱ्या शंभरेक पदार्थांची मराठी नावे आणि त्यांच्यासमोर निवडायचा गट, असा एक तक्ता आपल्या प्रशासनाने तयार करून लावला, तर या चुका बऱ्याच थांबतील. हे काम एकदाच करायचे आहे आणि त्याला कायदा बदलावा लागत नाही.

तिसरी गोष्ट ही या पत्राचे खरे कारण आहे. नोंदणीच्या अर्जाबरोबर अर्जदार असे लिहून देतो की, विनियमांच्या अनुसूची ४ मधील स्वच्छताविषयक अटी मी पाळीन. या अनुसूचीला सगळे 'शेड्यूल फोर' म्हणतात आणि तिचा पहिला भाग खास नोंदणीच्या गटातील लहान व्यावसायिकांसाठी लिहिलेला आहे. ज्यांचे अर्ज एजंटने भरले अशा महिलांना मी विचारत आले आहे की, ही अनुसूची तुम्ही कधी पाहिली का. पाहिली असे म्हणणारी मला अजून भेटायची आहे. म्हणजे ज्या कागदासाठी हा सगळा खटाटोप, तो मिळतो. ज्या कारणासाठी कायद्याने तो कागद मागितला, ते कारण मात्र घराच्या उंबऱ्याबाहेरच राहते.

त्या अनुसूचीत अवघड काही नाही, म्हणून तर हे अधिक लागते. जागा स्वच्छ, कोरडी, उजेडाची असावी. जमीन आणि भिंती धुता-पुसता येतील अशा असाव्यात. माश्या, झुरळे, उंदीर यांचा बंदोबस्त असावा. पाणी पिण्यायोग्य असावे. संसर्गजन्य आजार झालेल्या किंवा हाताला उघडी जखम असलेल्या व्यक्तीने पदार्थाला हात लावू नये. नखे कापलेली, केस बांधलेले असावेत. कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे. कच्चा आणि तयार माल वेगळा ठेवावा. यातले बहुतेक नियम आपल्या घरांत पूर्वीपासून या ना त्या नावाने पाळले जातात. फरक पडतो तो प्रमाणाचा. घरातल्या पाच माणसांपुरता एक किलो चिवडा करताना जे चालून जाते, ते चाळीस किलो करताना चालत नाही. चाळीस किलो पोहे कुठे ठेवायचे, तळलेला माल गार होईपर्यंत कशाने झाकायचा, इतकी भांडी कुठे घासायची आणि ती वाळत कुठे घालायची, असे प्रश्न उभे राहतात. नेमके हेच कोणी शिकवत नाही.

आमच्या गटाचा एक चांगला अनुभव इथे नोंदवते. गटाच्या खोलीवर एक अन्न सुरक्षा अधिकारी आले होते. त्यांनी कागद पाहिले आणि मग कागद बाजूला ठेवून ते खोलीत फिरले. भाजणीचे पत्र्याचे डबे मोरीला लागून, थेट फरशीवर ठेवलेले होते. त्यांनी एका डब्याखाली हात घालून ओल दाखवली आणि डबे लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायला सांगितले, म्हणजे मागून झाडता येईल आणि उंदीर आला तर दिसेल. प्रत्येक डब्यावर भाजल्याची तारीख खडूने लिहा आणि जुना डबा आधी संपवा, म्हणाले. कल्हई उडालेले एक पितळी पातेले त्यांनी वेगळे काढायला लावले. शेंगदाण्याच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून, बुरशीचे डाग असलेले दाणे वेचून दाखवले आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष म्हणजे काय, ते भाजल्याने का जात नाही, हे बसून समजावले. हे सगळे तासाभरात झाले. कोणावर दंड झाला नाही, पण त्या दिवसापासून शेंगदाणे निवडल्याशिवाय कढईत जात नाहीत आणि नव्याने गटात येणाऱ्या मुलीला हे काम पहिल्या दिवशी शिकवले जाते. महोदय, आपल्याकडे अशी माणसे आहेत. त्यांच्याकडे एकेका तालुक्याची किंवा त्याहून मोठ्या भागाची हॉटेले, मिठाईची दुकाने, दूध संकलन केंद्रे, कारखाने असे सगळे आहे, याचीही आम्हाला कल्पना आहे. त्यामुळे प्रत्येक घरी जा असे आम्ही म्हणत नाही. पन्नास-साठ महिलांना एका ठिकाणी बोलावून हाच एक तास द्यावा, असे म्हणतो.

तळणीच्या तेलाचा विषय अशा तासात आवर्जून घ्यावा. तळण्याच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्सचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या अपायकारक द्रव्यांचे, प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हे मोजायचे यंत्र हॉटेलांना परवडेल, आम्हाला परवडत नाही. पण तेल काळवंडले, वरचा फेस मोडेना, हाताला चिकट लागू लागले, नेहमीपेक्षा लवकर धूर येऊ लागला की ते काढून टाकायचे, हे कोणालाही शिकवता येते. याच महिन्यात खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढले आणि डब्याचा भावही लगेच चढला. अशा वेळी कालच्या तेलात आजचे ताजे तेल मिसळून काम भागवण्याचा मोह होतो. तो मोह आवरायला भीतीपेक्षा माहिती जास्त कामी येते, असा माझा अनुभव आहे.

आता लेबलाविषयी. आमच्या व्यवसायात सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. समजा, चकलीच्या भाजणीचे अर्ध्या किलोचे पाकीट आहे. त्यावर पदार्थाचे नाव हवे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने हवी, म्हणजे तांदूळ आधी, मग हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, पोहे, साबुदाणा, धने, जिरे, जसे प्रमाण असेल तसे. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका हवा. उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचे (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे) चिन्ह आणि चौदा आकडी क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, निव्वळ वजन, साठवणुकीची सूचना हे सगळे हवे. शेंगदाणे, गहू, दूध असे ॲलर्जी होऊ शकणारे घटक पदार्थात असतील, तर ते वेगळे सांगायला हवेत. पोषणमूल्यांचा तक्ता कोणत्या पदार्थाला लागतो आणि कोणत्याला नाही, हे समजून घ्यायला हवे. हे झाले २०२० च्या लेबलविषयक विनियमांचे. मग वैधमापनशास्त्राचे, म्हणजे वजन-मापांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेचे, २०११ चे आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूंचे नियम येतात. त्यांनुसार सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर, तक्रारीसाठी संपर्क क्रमांक हे छापावे लागते, पॅकिंग करणारा म्हणून त्या यंत्रणेकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी पडताळणीचा शिक्का घ्यावा लागतो. ही यंत्रणा आपल्या प्रशासनाखाली येत नाही हे मी जाणते. पण पाकीट एकच आहे आणि ते बनवणारी बाईही एकच आहे. तिला एका खात्याकडून अर्धे आणि दुसऱ्या खात्याकडून अर्धे कळते आणि बहुतेक वेळा दुसरे अर्धे नोटीस आल्यावरच कळते. दोन्ही खात्यांनी मिळून लेबलाचा एकच नमुना मराठीत छापून द्यावा, कुठे काय लिहायचे ते त्यावर बाणाने दाखवावे.

तारखेबाबतही मदत हवी आहे. चकली किती दिवस टिकते हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेची चाचणी करून घेणे नव्या व्यावसायिकाच्या आवाक्यात नसते, म्हणून ती शेजारच्या दुकानातल्या मोठ्या कंपनीच्या पाकिटावरची मुदत पाहून तीच स्वतःच्या पाकिटावर छापते. त्या कंपनीच्या पाकिटात माल जास्त टिकावा म्हणून नायट्रोजन वायू भरलेला असतो, हे तिला ठाऊक नसते. आम्ही गटात प्रत्येक घाण्यातले एक पाकीट बाजूला ठेवतो आणि ठरावीक दिवसांनी त्यातले थोडे काढून वास, चव, कुरकुरीतपणा पाहून वहीत लिहितो. ज्या दिवशी खवटपणाची पहिली शंका येते, त्याच्या बऱ्याच आधीची तारीख लेबलावर टाकतो. खोबरे असलेल्या चिवड्याची आणि खोबरे नसलेल्या चिवड्याची मुदत एक असू शकत नाही, हे आम्हाला त्या वहीनेच शिकवले. ही पद्धत प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण अंदाजापेक्षा पुष्कळ बरी आहे. अशी एखादी सोपी, प्रशासनाला मान्य असलेली रीत आपणच घालून द्यावी.

लेबलाच्या भाषेबद्दल एक विनंती आपल्यामार्फत दिल्लीच्या प्राधिकरणापर्यंत जावी. सध्याच्या विनियमांनुसार लेबलावरचा अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत हवा. इतर भाषा त्याच्या जोडीला वापरता येतात. म्हणजे संपूर्ण मजकूर शुद्ध मराठीत छापून गावच्या आठवडी बाजारात विकलेले पाकीट नियमात बसत नाही. जे पाकीट तालुक्याबाहेर जाणार नाही, त्याच्यासाठी राज्याची राजभाषा पुरेशी मानावी. खरेदी करणाऱ्याला वाचता यावे, हाच लेबलाचा हेतू आहे.

इथे आमच्या बाजूच्या चुकाही स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. काही ठिकाणी मैत्रिणीचा किंवा नातेवाइकाचा क्रमांक पाकिटावर छापला जातो. हे चुकीचे आहे आणि धोक्याचेही आहे, कारण पदार्थात काही दोष निघाला तर ज्याचा क्रमांक आहे त्याच्याकडे बोट जाते. नोंदणीचा क्रमांक २ या आकड्याने सुरू होतो, परवान्याचा १ ने, आणि पुढचे दोन आकडे राज्याचे असतात, एवढी माहिती ग्राहकालाही असली तर असे क्रमांक सहज लक्षात येतील. 'साजूक तुपातील' असे छापून निम्मे वनस्पती तूप वापरणे ही फसवणूक आहे. असा पदार्थ कायद्याने मिथ्याछाप, म्हणजे खोटे लेबल लावलेला, ठरतो आणि कलम ५२ खाली त्याला तीन लाखांपर्यंत दंड आहे. लाल तिखट लालभडक दिसावे म्हणून त्यात रंग घालणे तर अक्षम्य आहे. दळलेल्या मसाल्यात वरून रंग घालायला परवानगीच नाही. 'घरगुती' हा शब्द पाकिटावर असला की बाकी काही लिहिण्याची गरज नाही, अशी समजूतही आमच्यात आहे, ती गेली पाहिजे. आणि सगळ्यांत रुजलेली समजूत म्हणजे क्रमांक मिळाला, म्हणजे आपला माल सरकारने तपासून पास केला. तो क्रमांक मिळताना कोणी पदार्थ चाखलेलाही नसतो. शुद्धतेची हमी आपण रोज द्यायची असते, हे नोंदणीच्या दिवशीच कोणीतरी अधिकारवाणीने सांगायला हवे. आम्ही सांगितले तर ते शेजारणीचे बोलणे होते. आपल्या अधिकाऱ्यांनी सांगितले तर ते लक्षात राहते.

बारा लाखांच्या मर्यादेबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. ही रक्कम २०११ पासून आज २०२४ पर्यंत तीच आहे, तेव्हापासून डाळी, तेल, गॅस, मजुरी यांचे भाव कुठल्या कुठे गेले. आणि ही उलाढाल आहे, नफा नव्हे. महिन्याला लाखभराचा माल विकणाऱ्या गटातल्या आठ-दहा महिलांच्या हातात खर्च वजा जाता किती उरते, हे ज्यांनी हिशेब लिहिला त्यांनाच माहीत. ही रेषा ओलांडली की राज्य परवाना लागतो. मग उत्पादकासाठी वर्षाला तीन हजार रुपयांपासून शुल्क, जागेचा आराखडा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल आणि दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक विवरणपत्र हे सर्व येते. वस्तुविक्रीसाठी जीएसटीची मर्यादा चाळीस लाखांची असल्याने अनेकींचा असा समज असतो की, तोवर कशाचीच गरज नाही. हे सगळे ऐकून काही गट वाढायचेच थांबवतात. वाढावे म्हणून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान मिळते आणि दुसरीकडे वाढायची भीती वाटते, अशी ही कोंडी आहे.

त्यातच व्याख्येमध्ये बारा लाखांच्या उलाढालीबरोबर दिवसाला शंभर किलो उत्पादनाचीही मर्यादा आहे आणि या दोन अटी 'आणि/किंवा' अशा जोडलेल्या आहेत. आमच्यासारखा हंगामी व्यवसाय नेमका यात अडकतो. वर्षभराची उलाढाल तीन-चार लाख, पण वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात रोजचे उत्पादन शंभर किलोंच्या वर. अशा गटाने नोंदणी घ्यायची की परवाना, याचे लेखी आणि राज्यभर एकच असे उत्तर आपण द्यावे. एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे उत्तर मिळाले, तर एजंटचे फावते.

सणासुदीतल्या तपासणी मोहिमांना आमचा पूर्ण पाठिंबा आहे. भेसळीचा खवा आणि खोटे तूप विकणाऱ्याने सर्वांत आधी आमचाच बाजार मारलेला असतो. फक्त नमुना घेताना समोरच्या व्यक्तीला तिचे हक्क मराठीत छापलेल्या एका चिठ्ठीवर द्यावेत. नमुन्याची किंमत तिला मिळाली पाहिजे, नमुन्याचे चार भाग केले जातात, तिने मागणी केली तर त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे तिच्या खर्चाने पाठवला जातो आणि नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाच्या अहवालावर तीस दिवसांत अपील करता येते, हे तिला त्या क्षणी समजले पाहिजे. उणिवा मुदतीत दूर करायला सांगणाऱ्या सुधारणा नोटिशीची तरतूद कलम ३२ मध्ये आहे. स्वच्छतेतल्या उणिवा पहिल्यांदाच आढळल्या असतील तर आधी तिचा वापर व्हावा.

या सगळ्यासाठी नवे खाते किंवा मोठा निधी लागेल असे मला वाटत नाही. आषाढ ते भाद्रपद या मंदीच्या महिन्यांत दरवर्षी प्रत्येक तालुक्यात एक दिवसाचे नोंदणी व मार्गदर्शन शिबिर घ्यावे. उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे आणि माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट गावोगावी आहेत, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेच्या जिल्हा संसाधन व्यक्ती आहेत, त्या महिलांना एकत्र आणतील. तिथे अर्ज भरताना मोबाइल क्रमांक त्या महिलेचाच घातला जावा, ओटीपी तिच्याच फोनवर यावा आणि लॉगिन तिच्या वहीत लिहून दिले जावे. स्वयंपाकघर सासऱ्यांच्या किंवा घरमालकाच्या नावावरच्या घरात असेल आणि ओळखपत्रावरचा पत्ता माहेरचाच राहिला असेल, तर संमतीपत्र कसे असावे याचा छापील नमुना तिथेच मिळावा. हा अडथळा विवाहित महिलांना वारंवार येतो. अनुसूची ४ चा पहिला भाग सोप्या मराठीत, चित्रांसह, स्वयंपाकघरात भिंतीवर लावता येईल अशा कागदावर छापून प्रमाणपत्राबरोबर द्यावा. आणि आपले सरकार सेवा केंद्रांवर 'नोंदणीचे सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये' असा ठळक फलक लावावा. या एका फलकाने लुबाडणूक निम्म्याने घटेल, अशी माझी खात्री आहे.

या वर्षी वेळ थोडा उरला आहे, तरी दसऱ्यापर्यंत काही तालुक्यांत प्रायोगिक शिबिरे घेता येतील. आमच्या गटाची खोली, खुर्च्या, फलक आणि दुपारचे जेवण यांची व्यवस्था आम्ही करू, आसपासच्या गावांतील महिलांना निरोप देण्याची जबाबदारीही आमची. अधिकाऱ्यांना सोयीचा दिवस आठवडाभर आधी कळवला तरी पुरे. त्या दिवशी वैधमापनशास्त्राच्या निरीक्षकांनाही बोलावता आले, तर महिला आपापले काटे सोबत आणतील आणि त्यांच्या पडताळणीचे कामही तिथेच मार्गी लागेल.

आपली विश्वासू,
एका महिला बचत गटाची सचिव

प्रत माहितीसाठी :
१. मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
२. नियंत्रक, वैधमापनशास्त्र, महाराष्ट्र राज्य, मुंबई